जुने, अनोळखी गवत कापणी यंत्र : नाव नको, माप घ्या



गोठ्यामागे किंवा बांधाच्या कडेला गंजत पडलेले ट्रॅक्टरचलित गवत कापणी यंत्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. जुन्या बाजारात स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेले, कंपनीचे नाव पुसलेले, माहितीपुस्तिका हरवलेली. सुटा भाग आणायला गेले की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, "कंपनी कोणती? मॉडेल कोणते?" उत्तर नसले की यंत्राची वाट भंगाराकडे. इकडे लसूण घासाची कापणी लांबते, खोड जाड होते, पाने गळतात आणि दुभत्या जनावरांपुढे निकस चारा पडतो. ऐन वेळी मजूर मिळत नाहीत ते वेगळेच.

असे यंत्र भंगारात काढण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्याचे बहुतेक भाग नावावर नव्हे, मापावर मिळतात. आणि जो भाग मिळत नाही, त्याचे माप यंत्रच सांगते.

यंत्राची ओळख

हे यंत्र कात्रीच्या तत्त्वावर चालते. जमिनीलगत राहणाऱ्या कटरबारवर बोटांसारखे गार्ड बसविलेले असतात. प्रत्येक गार्डमध्ये एक आधारपाते असते. त्यावरून तिकोनी पात्यांची पट्टी मागेपुढे सरकते. पट्टी वर उचलू नये म्हणून दाबक्लिपा असतात. ट्रॅक्टरच्या पीटीओवरून क्रँकचाक फिरते आणि पिटमन म्हणजे जोडदांडा ती गती पट्टीच्या मुंडीला देतो.

खर्च करण्यापूर्वी

प्रथम तीन महागड्या गोष्टी तपासाव्यात : गिअरबॉक्सचे कवच व दाते, कटरबारचा सरळपणा आणि सांगाडा. गिअरबॉक्सचे कवच तडकलेले असेल किंवा कटरबार पीळ पडून वाकलेला असेल, तर दुरुस्ती परवडेलच असे नाही. हे तिन्ही शाबूत असतील तरच पुढे जावे.

खोलण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढावेत. प्रत्येक बोल्ट कोठून निघाला याची चिठ्ठी बांधून ठेवावी. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री डिझेल व ऑइलचे मिश्रण सोडावे. क्रँकचाकाचा नट सुटत नसेल तर जोर लावण्याआधी आटे कोणत्या बाजूचे आहेत ते पाहावे. काही यंत्रांत ते उलटे असतात. जुन्या यंत्रात इंची आटे असण्याचा संभव असतो. त्यात मिलिमीटरचा बोल्ट बळे बसवू नये.

मापावर मिळणारे भाग

१. पाती : लगतच्या दोन गार्डच्या टोकांमधील अंतर मोजावे. बहुतेक यंत्रांत ते ३ इंच, म्हणजे ७६ मि.मी. असते आणि पात्याची रुंदीही तेवढीच असते. याशिवाय पात्याची जाडी आणि रिव्हेटच्या दोन भोकांतील अंतर घ्यावे. धान्य कापणाऱ्या कंबाईनची अनेक पाती याच रुंदीची असतात. मात्र भोके जुळतात का ते पाहूनच घ्यावीत. कोवळ्या हिरव्या चाऱ्यासाठी सपाट धारेची, तर वाळलेल्या काडासाठी दातेरी पाती चांगली.

२. बेअरिंग : कडेवरील गंज पुसला की क्रमांक दिसतो. क्रमांक गेला असेल तर आतील व्यास, बाहेरील व्यास आणि रुंदी मोजावी. उदा., २५ × ५२ × १५ मि.मी. म्हणजे ६२०५.

३. ऑइलसील : हीच तीन मापे घ्यावीत. आतील माप सीलवरून न घेता शाफ्टवरून घ्यावे, कारण सीलचा ओठ झिजलेला असतो.

४. व्ही-बेल्ट : वरची रुंदी सुमारे १३ मि.मी. असेल तर ए, १७ असेल तर बी आणि २२ असेल तर सी. लांबी पुलीवर दोरी गुंडाळून काढावी.

५. पीटीओ शाफ्ट : सहा खाचांचा, १ ३/८ इंच (३५ मि.मी.) व्यासाचा शाफ्ट हा ५४० फेऱ्यांचा सर्वमान्य नमुना आहे.

पिटमन हरवला असेल तर

सर्वात अडचणीचा भाग हाच. अनेक जुन्या यंत्रांत तो लाकडी असतो. तुटलेला असल्यास तुकडे जुळवून भोकापासून भोकापर्यंत माप घ्यावे. मुळीच नसल्यास क्रँकचाक हाताने फिरवून क्रँकपिन कटरबारपासून सर्वात दूर आणावी. आता पट्टी यंत्राच्या बाजूला ओढून प्रत्येक पात्याचा मध्य गार्डच्या मध्यावर आणावा. या स्थितीत क्रँकपिन ते मुंडीची पिन हे अंतर म्हणजेच पिटमनची लांबी. पिटमन बसवून चाक अर्धा फेरा फिरवावे. दुसऱ्या टोकालाही पात्याचा मध्य पुढच्या गार्डच्या मध्यावर आला, तर माप बरोबर आहे.

लाकडी पिटमनच्या जागी लोखंडी नळी बसविण्याचा मोह अनेकांना होतो. आमच्या पाहण्यातील एका दूध उत्पादकाने तसे केले आणि एकाच हंगामात पट्टीची मुंडी दोनदा तुटली. लाकूड हादरा सोसते आणि दगड लागला तर स्वतः मोडून पुढचे महागडे भाग वाचवते. सरळ धाग्याच्या, बिनगाठीच्या, चांगल्या वाळलेल्या बाभळीचा पिटमन गावच्या सुताराकडून करून घ्यावा. त्याच कारणाने, अडथळा लागताच कटरबार मागे सोडणारी सुरक्षा कडी तारेने बांधू नये किंवा वेल्डिंगने जाम करू नये.

जोडणीची चार पथ्ये

१. गार्डची टोके नव्हे, आधारपाती एका रेषेत हवीत. दोरी ताणून पाहावे.

२. जुने पाते काढताना पट्टी व्हाइसच्या जबड्यावर टेकवून पात्याचे टोक खाली ठेवावे व मागील कडेवर ठोका द्यावा. रिव्हेट कातरले जातात. डोळ्यांवर चष्मा हवाच.

३. दाबक्लिप व पाते यांत सुमारे अर्धा मि.मी. फट ठेवावी. पिटमन सुटा असताना पट्टी हाताने सहज सरकली पाहिजे. क्लिप घट्ट असेल तर पट्टी तापते. सैल असेल तर गवत कापले न जाता पात्याखाली दुमडते.

४. कटरबारचे बाहेरील टोक आतील टोकापेक्षा पुढे हवे : फुटाला २ सूत. ५ फुटी कटरबारला १० सूत, म्हणजे सव्वा इंच. कापताना गवताच्या दाबाने ते टोक मागे रेटले जाते आणि पट्टी व पिटमन एका रेषेत येतात. हे अंतर नसेल तर नवीन मुंडीही टिकत नाही. मोजताना बाहेरील टोक मागे ओढून धरावे, म्हणजे सांध्यातील ढिलाई निघून जाते.

चाचणी व सुरक्षितता

प्रथम चाक हाताने चार-पाच फेरे फिरवावे. कोठे अडते ते इंजिन लावण्यापूर्वी कळले पाहिजे. नंतर कमी वेगावर दहा मिनिटे चालवावे, ट्रॅक्टर बंद करून किल्ली काढावी आणि बेअरिंग व मुंडी तापली का ते पाहून सर्व नट पुन्हा आवळावेत. मगच शेतात न्यावे.

पट्टीत गवत अडकले तर पीटीओ सोडवून, इंजिन बंद करून आणि किल्ली खिशात टाकूनच खाली उतरावे. अडकलेले गवत काठीने काढावे, हाताने कधीही नाही. गवत निघताच थांबलेली पट्टीही सरकू शकते. पीटीओ शाफ्टवर आवरण नसेल तर आधी ते बसवावे. उपरणे, धोतराचा सोगा, साडीचा पदर शाफ्टजवळ जाता कामा नये. मुलांना कटरबारपासून दूर ठेवावे.

दुरुस्ती पूर्ण झाल्यावर पात्याचे माप, बेअरिंगचे क्रमांक, बेल्टची लांबी आणि पिटमनचे अंतर एका वहीत लिहून ठेवावे. हरवलेल्या माहितीपुस्तिकेच्या जागी आता आपली स्वतःची पुस्तिका तयार होईल. पुढच्या वेळी दुकानदाराने "कंपनी कोणती?" असे विचारले, तर ती वही त्याच्यापुढे ठेवावी.