धावत्या आगगाडीतून मंदगती चित्रण

आगगाडीत खिडकीजवळची जागा कोणाची, यावरून भावंडांत तंटा झाला नाही असे घर आपल्या सोलापुरात क्वचितच सापडेल. १८६० साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग आपल्या गावास पोहोचला. तेव्हापासून किती पिढ्यांनी त्या खिडकीला नाक लावले असेल, याची गणती कोण करणार? पूर्वीचा प्रवासी दिसेल ते डोळ्यांत साठवून घेई. हल्ली खिडकीशी बसलेल्या मुलाच्या हाती मोबाईल असतो आणि तो गाडी सुटताच चित्रण करू लागतो. घरी येऊन पाहावे तो पडद्यावर हिरव्या-करड्या रंगांचे पट्टे आणि वाकडे खांब! जे पाहावयाचे होते तेच नेमके निसटलेले असते. मंदगती चित्रणाने ते हाती लागते काय, आणि लागावयाचे असल्यास कोणत्या हिशेबाने, हे पाहण्याचा प्रयत्न आम्ही गेल्या वर्षी काही विद्यार्थ्यांसह केला. त्याची हकीकत येथे देत आहोत.

निमित्त झाले ते इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याचे. त्याचे वडील सोलापूर व कुर्डुवाडी यांमधील एका लहान स्थानकावर पॉइंट्समन आहेत. जलद गाड्या त्या स्थानकावर थांबत नाहीत. अशी गाडी वेगाने निघून जात असता हिरवा झेंडा धरून उभे राहणे हा वडिलांच्या कामाचा भाग आहे. मुलगा सुट्टीत पुण्यास आजोळी जातो तो याच मार्गाने. आपले वडील या क्षणी बाहेर उभे आहेत हे त्याला ठाऊक असते; परंतु आजवर ते त्याला गाडीतून कधी दिसले नव्हते. “सर, झेंड्याचा हिरवा रंग तेवढा दिसतो, बाबा दिसत नाहीत,” असे तो वर्गात म्हणाला, आणि सारा वर्ग हसला. आम्हास मात्र त्यात एक चांगला प्रश्न दिसला. बाबा का दिसत नाहीत?

प्रथम साधे गणित करू. गाडीचा वेग ताशी १०८ किलोमीटर धरला तर ती एका सेकंदात ३० मीटर जाते. (हा वेग मोजावयाचा असल्यास एका किलोमीटर-खुणेपासून दुसरीपर्यंत किती सेकंद लागतात ते पाहावे व ३६०० ला त्या संख्येने भागावे.) फलाटावरील मनुष्य खिडकीपासून सुमारे ३ मीटरांवर उभा असतो. तेवढ्या अंतरावरून मोबाईलच्या भिंगात किती रुंदीचा देखावा मावतो, हे आम्ही वर्गाच्या भिंतीवर खडूच्या खुणा करून मोजले. ती रुंदी सुमारे ४ मीटर भरली. म्हणजे वडील भिंगासमोर येऊन नाहीसे होण्यास चार भागिले तीस, अर्थात एका सेकंदाचा साडेसातावा हिस्सा एवढाच वेळ लागतो! नेहमीच्या चित्रणात कॅमेरा सेकंदास ३० चित्रे घेतो; त्या हिशेबाने वडिलांच्या वाट्यास अवघी चार चित्रे येतात, आणि तीही पुसट. मोबाईलच्या मंदगती सोयीत सेकंदास २४० चित्रे घेतली जातात. तेव्हा चारांच्या जागी बत्तीस चित्रे मिळतात, आणि ती नेहमीच्या चालीने, म्हणजे सेकंदास तीस याप्रमाणे, दाखविली की वडील पडद्यावर एक सेकंदाहून किंचित अधिक काळ राहतात. एक सेकंद म्हणजे फार नव्हे. परंतु आपल्या माणसाचा चेहरा ओळखण्यास तो पुरतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मंदगती चित्रणात काळ ताणला जातो असे पुष्कळांस वाटते. तसे काही नाही. घेताना चित्रे दाट घ्यावयाची आणि दाखविताना ती विरळ दाखवावयाची, एवढीच ही युक्ती. पूर्वीच्या काळी चित्रपटाचा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवीत, तेव्हा तो दांडा वेगाने फिरविला की पडद्यावरील हालचाल मंद होत असे. ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे आउगुस्ट मुस्गर नावाचे एक धर्मोपदेशक होते; ते गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. त्यांनी फिरत्या आरशांच्या योगाने मंदगती चित्रणाची रीत शोधून १९०४ साली तिचे स्वामित्व मिळविले. पुढे पैशाअभावी ते स्वामित्व त्यांना राखता आले नाही आणि फायदा दुसऱ्यांचा झाला. जर्मन भाषेत या यंत्रास जे नाव पडले त्याचा अर्थ ‘काळाचे भिंग’ असा होतो. नाव किती यथार्थ आहे पाहा!

असे कॅमेरे पुढे दीर्घकाळ प्रयोगशाळांच्या व धनिक कंपन्यांच्या हाती राहिले. २००८ साली कॅसिओ कंपनीने सेकंदास ३०० व त्याहून अधिक चित्रे घेणारा कॅमेरा सामान्य ग्राहकांसाठी काढला. २०१४ पासून सेकंदास २४० चित्रांची सोय मोबाईलमध्येही येऊ लागली. २०१७ साली सोनीच्या एका मोबाईलने तर ९६० चित्रांपर्यंत मजल मारली. मोठा आकडा पाहून भुलू नये, एवढे मात्र सांगितले पाहिजे. त्या मोबाईलमध्ये इतक्या वेगाचे चित्रण एका वेळी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी काळ होत असे. तेवढ्यात आपली गाडी साडेपाच मीटरांच्या आतच पुढे सरकते. नेमक्या त्याच क्षणी कळ दाबणे हे नेमबाजाचे काम आहे, प्रवाशाचे नव्हे. आमच्या मते २४० चित्रांची सोयच या कामास उत्तम.

चित्रे दाट मिळाली म्हणजे सर्व झाले असेही नाही. प्रत्येक चित्र घेताना शटर किती काळ उघडे राहते, हा खरा कळीचा मुद्दा आहे. ते सेकंदाचा २४० वा हिस्सा उघडे राहिले, तर तेवढ्यात गाडी साडेबारा सेंटीमीटर पुढे जाते, आणि चेहरा तेवढा फासला जातो. मग नाक कोठे व कान कोठे, काही कळत नाही. तोच काळ सेकंदाच्या २००० व्या हिश्शावर आणला, तर सरक केवळ दीड सेंटीमीटर राहते आणि चेहरा ओळखता येतो. परंतु शटर इतके थोडे उघडले की आत प्रकाशही थोडाच येतो. म्हणून हे चित्रण भर उन्हातच करावे. परमेश्वराने सोलापुरास पाऊस देताना हात आखडला असला, तरी उन्हाच्या बाबतीत आपण कोणापुढे हात पसरण्याची गरज नाही! सायंकाळी व रात्री हा उद्योग करू नये. फलाटावरील काही दिवे विजेच्या पुरवठ्याबरोबर सेकंदास शंभर वेळा मंद-तेज होत असतात. आपल्या डोळ्यास ते कळत नाही, पण मंदगती चित्रात सारा फलाट लुकलुकू लागतो.

वाकड्या खांबांचे कोडेही याच ठिकाणी सुटते. मोबाईलचा कॅमेरा संपूर्ण चित्र एका क्षणात टिपीत नाही. ओळीमागून ओळ अशी ती वाचीत जातो. वरची ओळ वाचून खालच्या ओळीपर्यंत पोहोचतो तोवर गाडी पुढे गेलेली असते, म्हणून सरळ खांब तिरपा उमटतो. सेकंदास २४० चित्रे घ्यावयाची तर प्रत्येक चित्राचे वाचन तेवढ्याच अल्प काळात उरकावे लागते, आणि म्हणून मंदगती चित्रणात हा तिरपेपणा आपोआप कमी होतो. गाडीच्या हादऱ्यांचेही तसेच. एका सेकंदात पाच वेळा बसणारे हादरे आठ पट मंद झाले की हलक्या झोक्यासारखे भासतात. हात मात्र खिडकीच्या चौकटीवर टेकू नयेत. टेकल्याने आधार मिळेल असे वाटते, पण डब्याचा सारा कंप त्यातून कॅमेऱ्यात उतरतो. कोपर अंगाशी धरून बसावे हे बरे. आवाजाची अपेक्षा ठेवू नये. आठ पट मंद झालेला स्वर तीन सप्तके खाली जातो, आणि चाकांचा खडखडाट एखाद्या अजस्र प्राण्याच्या घोरण्यासारखा ऐकू येतो. लहान मुले त्यास भितात, असा आमचा अनुभव आहे.

कोणते दृश्य मंदगतीने घ्यावे, याचाही विवेक हवा. भिगवण-पारेवाडीच्या बाजूस उजनी जलाशयाचे विस्तीर्ण पाणी गाडीतून दिसते. तेथे आमच्या एका विद्यार्थ्याने दूरच्या पाण्याचे मंदगती चित्रण केले, आणि घरी सर्वांस ते दाखविताना त्याची आजी झोपी गेली. तिचा दोष नव्हे. दूरची वस्तू गाडीतून आधीच संथ सरकते. ती आणखी आठ पट मंद केली की जागची हलतच नाही. अगदी जवळची खडी कितीही मंद केली तरी पट्टेच दिसतात. या दोहोंच्या मधले, तीन ते तीस मीटरांवरचे जग हेच या भिंगाचे खरे क्षेत्र होय.

स्थानकात शिरणारी गाडी हे त्याचे सर्वोत्तम उदाहरण. हंगेरीचे कलावंत अ‍ॅडम माग्यार यांनी बर्लिन, न्यूयॉर्क व टोकियो येथील भुयारी गाड्यांतून फलाटावर वाट पाहत उभ्या असलेल्या लोकांचे असे चित्रण केले आहे. त्यांचे यंत्र फार भारी होते. परंतु त्यातील मर्म आपल्यालाही साधते. गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाने फलाटाशी आली तर सेकंदास १० मीटर जाते. आठ पट मंद केल्यावर तो वेग सव्वा मीटर, म्हणजे माणसाच्या चालीइतका होतो. फलाटावरील माणसांची हालचाल मात्र आठ पट मंद होऊन जवळजवळ थांबते. आपण जणू पुतळ्यांच्या गर्दीतून पायी फिरत आहोत असे वाटते. सोलापूर स्थानकात शिरताना आम्ही हे करून पाहिले. चहाचा कप तोंडाशी नेणारा हमाल, जांभई देणारी एक बाई, चादरींच्या गठ्ठ्यावर बसलेले मूल, यांतील प्रत्येकाकडे पाहण्यास वेळ मिळाला. ही माणसे आपणास विचारून उभी नव्हती, हे ध्यानात ठेवून ते चित्र आम्ही वर्गाबाहेर कोणास दिले नाही.

आता पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चांगले चित्र मिळावे म्हणून दारात वा पायरीवर उभे राहणारी मुले आम्ही पाहिली आहेत. पायरीवरून किंवा टपावरून प्रवास करणे १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १५६ व्या कलमान्वये गुन्हा असून त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. कायदा बाजूस ठेवला तरी सेकंदास ३० मीटर जाणाऱ्या हाताला खांब लागला तर काय होईल, हे गणित करून पाहण्याची आवश्यकता नाही. भिंग खिडकीच्या दोन गजांमध्ये आणावे. हात व मोबाईल दोन्ही गजांच्या आत राहिले पाहिजेत. आमच्या प्रयोगात ही अट मोडणाऱ्याचा मोबाईल परत घरी पोहोचेपर्यंत आमच्या पिशवीत राहील असे आधीच ठरले होते, आणि दोन मोबाईल तसे राहिलेही.

त्या मुलाचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. पहिला प्रयत्न वातानुकूलित डब्यातून झाला आणि फसला. तेथे काचेवर आतल्या दिव्याचे प्रतिबिंब पडले होते, आणि कॅमेऱ्याने बाहेरचे सोडून काचेवरील ओरखड्यावरच नजर रोखली. दुसऱ्या खेपेस गजांची खिडकी मिळाली. पण गाडीस उशीर होऊन सूर्य मावळतीला गेला, आणि वडिलांच्या जागी एक करडा ढग उमटला. तिसऱ्या खेपेस मोबाईलने आरंभीचा व शेवटचा भाग आपल्या मनाने नेहमीच्या गतीनेच ठेवला, आणि वडील नेमके त्या भागात सापडले. (सेकंद काट्याच्या घड्याळाचे चित्रण करून आपला मोबाईल कोणता भाग किती मंद करतो हे घरीच तपासावे, आम्हास ही बुद्धी उशिरा झाली.) मुलगा हिरमुसला. आम्हीही मनातून हात टेकले होते.

चौथी खेप उन्हाळ्याच्या सुट्टीतली, भर दुपारची. त्याने स्थानकापूर्वीच चित्रण सुरू केले, मोबाईल गजांमध्ये स्थिर धरला आणि स्वतः पडद्याकडे न पाहता बाहेर पाहिले. शाळा उघडल्यावर ते चित्र आम्ही सर्वांनी मिळून पाहिले. प्रथम फलाटाची कड, मग एक कडुनिंब, मग पाण्याचा नळ. आणि मग वडील. गाडीच्या वाऱ्याने झेंडा ताणला होता आणि त्यावरून एक लाट संथपणे सरकत होती. चेहरा स्वच्छ दिसत होता. परंतु ते खिडक्यांकडे पाहत नव्हतेच! त्यांची मान खाली होती आणि नजर चाकांवर होती.

मुलगा काही वेळ गप्प राहिला. त्याची समजूत अशी होती की बाबा दर वेळी प्रत्येक खिडकीत आपल्याला शोधीत असतील. घरी त्याने विचारले तेव्हा वडिलांनी सांगितले की, गाडी जात असता एखाद्या चाकाचा आस तापून धूर निघत नाही ना, डब्याखाली काही लोंबत नाही ना, ब्रेक आवळून ठिणग्या उडत नाहीत ना, हे पाहावयाचे असते; तसे काही दिसले तर तत्काळ गाडी थांबविण्याची व्यवस्था करावी लागते. “तू त्या गाडीत असलास म्हणजे तर चाकाकडेच पाहायला हवं,” असे ते म्हणाले.

त्यांनी ते चित्र दोनदा पाहिले. आईने चार वेळा पाहिले. तिसऱ्यांदा लावण्यास सांगून वडील पडद्याजवळ वाकले, आणि झेंडा वाऱ्याने थोडा वाकडा धरला गेला आहे, उद्यापासून हात जरा वर घेतला पाहिजे, असे म्हणून जेवावयास बसले.