लस लागू पडली का? कुत्र्याच्या रक्ताची साक्ष

कुत्र्याला रेबीजची लस टोचली, की दाखल्यावर तारीख पडते आणि शिक्का बसतो. पण त्यावरून लस टोचल्याचे तेवढे कळते. ती लागू पडली का, हे कळत नाही. लस नीट थंड ठेवलेली नसेल, कुत्रे आजारी असेल किंवा पिल्लू फार लहान असेल, तर लस टोचूनही हवा तो परिणाम होत नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की तो रोग बहुधा प्राण घेतोच. म्हणून ही शंका किरकोळ नाही. तिचे उत्तर कुत्र्याच्या रक्तात शोधता येते. मात्र रक्त केव्हा घेतले, कसे घेतले आणि कसे जपले, यांवर त्या उत्तराची किंमत ठरते.

रक्तात काय शोधायचे?

कुत्र्याला टोचण्याच्या रेबीजच्या लशीत मारलेले विषाणू असतात. ते परके आहेत हे ओळखून शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे नावाची प्रथिने तयार करते. ही प्रथिने रक्ताच्या द्रव भागात असतात. रक्त साध्या नळीत ठेवले, की त्याची गुठळी होते आणि फिकट पिवळसर द्रव सुटतो. त्याला रक्तरस म्हणतात. तपासणी होते ती या रक्तरसाची.

केव्हा घ्यायचे?

लस टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी रक्त घेऊन उपयोग नाही. प्रतिपिंडे तयार व्हायला एक-दोन आठवडे लागतात. साधारण चार ते सहा आठवड्यांनी त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त होते आणि पुढे हळूहळू उतरते. भारतातून युरोपीय संघातील देशात कुत्रे न्यायचे असेल, तर लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यावे, असा नियम आहे, तो याचमुळे. नमुना घेतल्यावर आणखी तीन महिने थांबावे लागते. लशीपूर्वीच कुत्र्याला रोगाची लागण झालेली असेल, तर ती या काळात बहुधा उघड होते.

पिल्लांची गोष्ट थोडी निराळी आहे. आईच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून, त्यांना तयार प्रतिपिंडे मिळतात. पार्व्हो या रोगाविरुद्धची अशी प्रतिपिंडे साधारण दहा दिवसांत निम्मी होतात. ती रक्तात असेपर्यंत लशीला काम करू देत नाहीत. शिवाय तपासणीत दिसलेली प्रतिपिंडे आईची की पिल्लाची, हेही सांगता येत नाही. म्हणून पार्व्होच्या लशीची शेवटची मात्रा १६ आठवड्यांच्या वयात किंवा त्यानंतर देतात आणि तपासणीसाठी रक्त त्यानंतर निदान चार आठवड्यांनी घेतात.

कसे घ्यायचे?

हे काम पशुवैद्याचे आहे. रक्त रोहिणीतून नव्हे, तर नीलेतून घेतात. कारण नीला त्वचेजवळ असते आणि तिच्यात दाब कमी असतो. मोठ्या कुत्र्यात पुढच्या पायावरची नीला सोयीची असते. मदतनीस कुत्र्याला धरतो आणि कोपराजवळ अंगठ्याने नीला दाबतो, म्हणजे ती फुगून दिसते. केस कापून जागा स्पिरिटने पुसतात व सुई घालतात. मागच्या पायाची नीलाही चालते. लहान पिल्लाच्या पायाच्या नीला बारीक असल्याने त्याचे रक्त मानेतील नीलेतून घेतात. दोन-तीन मिलिलिटर रक्त पुरते. दहा किलो वजनाच्या कुत्र्यात सुमारे ८५० मिलिलिटर रक्त असते, हे ध्यानात घेतले तर भीतीचे कारण उरत नाही.

सिरिंजचा दांडा जोराने ओढला किंवा रक्त नळीत जोराने सोडले, तर तांबड्या पेशी फुटतात. त्यांतील हीमोग्लोबिन रक्तरसात मिसळून तो लालसर होतो आणि असा नमुना तपासणीला कुचकामी ठरू शकतो. म्हणून रक्त नळीच्या कडेने हळूच सोडतात. नळीत गोठणरोधक द्रव्य नसावे. रक्त अर्धा-एक तास स्थिर ठेवून गोठू देतात, यंत्रात गरगर फिरवतात आणि वरचा रक्तरस दुसऱ्या नळीत काढून थंड ठेवतात. नळीवर कुत्र्याचा ओळखक्रमांक आणि तारीख हवीच. नाहीतर साक्ष एकाची आणि नाव दुसऱ्याचे, असे व्हायचे!

प्रयोगशाळेत काय होते?

रक्तरस पायरीपायरीने पातळ करतात. प्रत्येक पायरीत रेबीजचे जिवंत विषाणू ठरावीक प्रमाणात मिसळतात आणि मग ते मिश्रण वाढत्या पेशींवर घालतात. प्रतिपिंडे पुरेशी असतील, तर विषाणू निष्प्रभ होतात व पेशी वाचतात. नसतील, तर पेशींना लागण होते. चकाकणारे रंगद्रव्य लावले, की लागण झालेल्या पेशी विशिष्ट सूक्ष्मदर्शकाखाली चमकतात. किती पातळ केल्यावर संरक्षण संपले, यावरून प्रतिपिंडांचे प्रमाण काढतात. दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक असले, तर लस लागू पडली, असे मानतात.

आकड्याचा अर्थ

हा आकडा त्या दिवसापुरता असतो. पुढे तो उतरला, तरी स्मरणपेशी शरीरात असू शकतात. म्हणजे कमी आकडा असला, की संरक्षण मुळीच नाही, असे नव्हे. उलट, चांगला आकडा मिळाला म्हणून लशीची पुढची तारीख चुकवायची नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे: कुत्रे चावल्यास त्याचा अहवाल किंवा दाखला पाहत बसू नये. जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

करून पाहा

आठ परीक्षानळ्यांत प्रत्येकी पाच मिलिलिटर पाणी घ्या. पहिल्या नळीत पोटॅशियम परमँगनेटचे पाच मिलिलिटर द्रावण घालून ढवळा. त्यातले पाच मिलिलिटर दुसरीत, दुसरीतले तिसरीत, असे शेवटपर्यंत करा. रंग कोणत्या नळीपर्यंत दिसतो, ते टिपून ठेवा. आता सांगा:

१. आठव्या नळीत मूळ द्रावणाचा कितवा भाग उरला?

२. मूळ द्रावण दुप्पट तीव्र घेतले, तर रंग किती नळ्या पुढे दिसेल?

३. एखाद्या पिल्लाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे दहा दिवसांत निम्मी होत असतील, तर साठ दिवसांनी त्यांचा कितवा भाग उरेल?