शुश्रूषा : सेवा की चाकरी?

शंका : "महाराज, मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेऊ म्हणते. घरचे म्हणतात, परक्यांचे मलमूत्र काढण्यात जन्माचे कसले सार्थक? शिवाय पगार घ्यायचा, मग ती सेवा कसली?" एका सप्ताहात कीर्तन आटोपल्यावर एका माळकरी गृहस्थांनी हे विचारले. ही शंका पुष्कळांच्या मनात असते, म्हणून समाधान येथे देतो.

समाधान : प्रथम शब्द पाहू. 'श्रु' म्हणजे ऐकणे. त्याचे इच्छार्थक रूप शुश्रूषा, म्हणजे ऐकण्याची इच्छा. रोग्याचे कण्हणे ऐकू येणे, ही सेवेची पहिली पायरी.

आता शास्त्र. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. वैद्य प्रधान खरा. पण चारांपैकी एक पाय लंगडा झाला की खाट कलते. परिचारकाचे गुणही चारच : उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी प्रेम आणि शुचिता.

हे गुण पोथीतले नव्हेत, रोजच्या कामातले आहेत. अंथरुणाला खिळलेल्याची कूस वेळेवर बदलली नाही, तर पाठीला जखमा पडतात. हात न धुता एका खाटेवरून दुसरीकडे गेले, तर रोगही बरोबर जातो. डॉक्टर येऊन पाहून जातात. रात्री श्वास बदलला हे प्रथम कळते ते उशाशी असलेल्या परिचारिकेला. क्रिमियाच्या युद्धात गोळ्यांपेक्षा रोगांनीच अधिक इंग्रज सैनिक मेले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ साली तुर्कस्थानात स्कुटारीच्या रुग्णालयात गेल्या. १८५५ मध्ये तिथली गटारे उपसली, हवा खेळती केली, तेव्हा मृत्यू झपाट्याने उतरले. शुचितेचे बळ हे असे.

'घाण काढायची' म्हणता? मग आईने आपली काय काढली? पुण्यात १८९७ साली प्लेग पसरला, तेव्हा सावित्रीबाई फुल्यांनी आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्यांनी देह ठेवला. ते पोर काही त्यांच्या नात्यातले नव्हते!

राहिला पगार. गोरोबाकाका मडकी घडवीत, सावतोबा मळा पिकवीत. प्रपंच त्यावरच चाले, म्हणून का त्यांची भक्ती उणी झाली? पगाराने तास विकत मिळतात, प्रेम मिळत नाही. ते आपण होऊन घालावे लागते, आणि घातले की चाकरीची सेवा होते. मात्र उलट बाजूही ध्यानात धरा. 'सेवा' म्हणून तोंडाने गौरवायचे आणि पोटापुरतेही द्यायचे नाही, हा गौरव नव्हे, लबाडी होय.

आणि माउली, आपण वारीला जातो ते कोणाकडे? पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता. देव दारी आला, तरी तो उठला नाही. वीट पुढे सरकवली. देव रागावला नाही, त्या विटेवरच उभा राहिला. सारी पंढरी अशी शुश्रूषेवर उभी आहे. तीच शुश्रूषा तुमची लेक परक्या आईबापांची करणार असेल, तर तिला आडवे का जाता?

तिला आनंदाने पाठवा. आणि रुग्णालयात गेलात, तर परिचारिकेला 'ए बाई' म्हणून हाक मारू नका, 'ताई' म्हणा.

रामकृष्ण हरि.