पायांवर सूज, हातात पाण्याची बाटली

एसटीतून निवृत्त झालेले चौसष्ट वर्षांचे एक चालक ऐन एप्रिलात दवाखान्यात आले, ते रात्रीच्या लघवीची तक्रार घेऊन. दोन महिने झाले, रात्री चार-चार वेळा उठावं लागत होतं. गावातल्या एकाने प्रोस्टेटचं चूर्ण दिलं होतं. दिवसा मात्र लघवी कमी होते, म्हणून मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून रोज चार लिटर पाणी आणि सकाळी अनशापोटी गोखरूचा काढा सुरू होता. "किडनी धुऊन निघते म्हणतात, डॉक्टरसाहेब." त्यांनी चपला काढल्या तर पट्ट्यांचे वळ पायांवर तसेच उमटलेले. नडगीवर अंगठा दाबून उचलला, तर पडलेला खड्डा भरून यायला वेळ लागला. शेजारी बसलेल्या पत्नीने मग हळूच सांगितलं, "आताशा यांना दोन उशा लागतात. सपाट झोपलं की दम लागतो."

घरात, गावात, व्हिडिओत सगळी चर्चा मूत्रपिंडाची आणि प्रोस्टेटची झाली होती. हृदयाचं नाव कुणी काढलं नव्हतं. टू-डी इको केला तेव्हा कळलं, की हृदयाची पंप करण्याची ताकद निम्म्यावर आली आहे.

"लघवी कमी होतेय ना, मग पाणी वाढवा" हा सल्ला इतका सरसकट दिला जातो, की तो चुकीचा असू शकतो हे कुणाच्या मनातच येत नाही. मुतखड्याच्या माणसाला तो लागू आहे. उन्हात राबणाऱ्या शेतमजुरालाही आहे. पण पायांवर सूज आणि छातीत दम घेऊन बसलेल्या माणसाला तोच सल्ला अतिदक्षता विभागात पोचवू शकतो. कारण शरीरात पाणी किती आहे याची मोजणी एकटं मूत्रपिंड करत नाही. त्या मोजणीतला मोठा वाटा हृदयाचा आहे.

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश कोणत्याही क्षणी शिरांमध्ये असतं. या शिरा हृदयाच्या ज्या वरच्या कप्प्यांत रिकाम्या होतात, त्या अलिंदांच्या भिंती पातळ असतात आणि आतला दाब अगदी कमी. रक्त थोडं जरी वाढलं तरी भिंत ताणली जाते, आणि त्या भिंतीत, विशेषतः शिरा जिथे येऊन मिळतात तिथे, ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं आहेत. अलिंद ताणलं की ही टोकं व्हेगस मज्जातंतूमार्फत मेंदूला कळवतात: रक्त जास्त झालंय. मेंदू मग लघवी रोखून धरणारं संप्रेरक कमी सोडतो, मूत्रपिंडाकडे जाणारे आवळण्याचे संदेश सैल करतो, आणि लघवी वाढते.

या टोकांचा सूक्ष्म अभ्यास एका भारतीयाने केला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. औतार सिंग पेंटल यांनी 1953 मध्ये मांजरांच्या व्हेगसमधल्या एकेका तंतूतले संदेश नोंदवले. काही टोकं अलिंद आकुंचन पावताना बोलतात, तर काही ते रक्ताने भरताना, हे त्यांनी दाखवलं. ही दुसऱ्या प्रकारची टोकं म्हणजेच आपली भरणा-मोजणी. पुढे फुप्फुसांत पाणी साचू लागलं की जागी होणारी टोकंही त्यांनीच शोधली. दम लागण्यामागे त्या टोकांचा हात आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे ते संचालक होते. लघवीची अडचण घेऊन आलेल्या त्या चालककाकांचे दोन्ही त्रास, रात्रीची लघवी आणि रात्रीचा दम, या एकाच शास्त्रज्ञाच्या कामात शेजारी-शेजारी सापडतात.

1956 मध्ये हेन्री, गाऊर आणि रीव्हज यांनी कुत्र्यांच्या डाव्या अलिंदात छोटा फुगा फुगवला. रक्त वाढवलं नव्हतं, फक्त भिंत ताणली होती. तरी लघवी वाढली. आणि 1981 मध्ये कॅनडात अडोल्फो द बोल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या अलिंदाचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तर काही मिनिटांत त्यांच्या लघवीतून भरपूर मीठ आणि पाणी बाहेर पडलं. म्हणजे अलिंद नुसतं मज्जातंतूंतून बोलत नाही, ताण पडला की स्वतः संप्रेरकही सोडतं. हृदय ही एक ग्रंथीसुद्धा आहे, हे तेव्हा पक्कं झालं.

याचा अनुभव विहिरीत तासभर डुंबणाऱ्या प्रत्येक पोराने घेतलेला असतो. वर आलं की लघवीला पळावं लागतं. घरचे म्हणतात, गारठ्याने. गारठ्याचा वाटा असतोच, पण कोमट पाण्यात गळ्यापर्यंत बसवलं तरी तेच होतं. बाहेरचं पाणी पायांतलं रक्त वर ढकलतं, छातीतलं रक्त वाढतं, अलिंद ताणतं.

चालककाकांच्या बाबतीत हेच अंथरुणात घडत होतं. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर हळूहळू रक्तात परत येत होतं, अलिंद ताणत होतं आणि मूत्रपिंडाला जाग येत होती. प्रोस्टेटमुळे रात्री उठावं लागत नाही असं नाही. साखर वाढल्यानेही उठावं लागतं, आणि ती तपासायलाच हवी. पण रात्रीची लघवी, पायाची सूज आणि वाढलेली उशी ही तीन एकत्र आली, की चूर्णाची पुडी बाजूला ठेवून आधी हृदय तपासायचं.

मग एवढी चांगली यंत्रणा असताना पाणी साचतंच का? हृदय कमकुवत झालं की पुढे रोहिण्यांत कमी रक्त पोचतं. मानेतले आणि मूत्रपिंडातले दाब मोजणारे पहारेकरी समजतात, की शरीरात रक्तच कमी पडलं. ते मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. इकडे अलिंद ताणलेलं असतं, ओरडून सांगत असतं, पण महिनोन्‌महिने ताणून त्याची टोकं बोथट होतात आणि त्याच्या संप्रेरकाला मूत्रपिंड पूर्वीसारखं जुमानत नाही. दिवसाची लघवी कमी होते ती अशी. पाणी कमी पडलं म्हणून नव्हे. पाणी भरपूर असूनही शरीराचा हिशेब चुकल्यामुळे. त्यावर आणखी चार लिटर ओतले तर ते जाणार कुठे? आधी पायांत, मग फुप्फुसांत.

पाण्याइतकंच, किंबहुना जास्त, मिठाकडे बघायला हवं. निरोगी माणूस लिटरभर साधं पाणी प्यायला तर रक्त पातळ झाल्याचं मेंदूला कळतं आणि दोन-तीन तासांत बहुतेक पाणी बाहेर पडतं. मिठासकट आलेलं पाणी मात्र अंगात रेंगाळतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे एक चहाचा चमचाही पुरता नाही. लोणचं, पापड, फरसाण, सुके बोंबील यांतलं मीठ त्यातच धरायचं. "आम्ही सैंधव खातो" हे उत्तर दवाखान्यात रोज ऐकू येतं. सैंधवही बहुतांश सोडियम क्लोराइडच आहे. कमी सोडियमचं म्हणून विकलं जाणारं मीठ तर हृदयाची औषधं घेणाऱ्याने विचारल्याशिवाय आणूच नये. त्यातलं पोटॅशियम काही औषधांबरोबर जिवावर बेतू शकतं.

आणि गुडघेदुखीच्या गोळ्या! मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात. चालककाका त्या रोज घेत होते. "त्या तर साध्या गोळ्या" म्हणून सांगायचंही राहिलं होतं.

काकांना लघवीची आणि हृदयाची औषधं सुरू झाली, आठ दिवसांत पाच किलो वजन उतरलं, एका उशीवर झोप लागू लागली. महिन्याभराने ते पुन्हा धापा टाकत आले. कुणीतरी सांगितलं होतं, की लघवीच्या गोळीने किडनी सुकते, म्हणून बंद केली. ज्यांनी हे सांगितलं, ते रात्री दोन वाजता ऑक्सिजन लावायला नव्हते. ही गोळी घेताना रक्तातले क्षार आणि क्रिएटिनिन अधूनमधून तपासावे लागतात, हे खरं. पण ती आपल्या मनाने बंद करणं हा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

घाबरून जाण्याचंही कारण नाही. लांबच्या प्रवासानंतर संध्याकाळी दोन्ही पाय थोडे सुजणं आणि सकाळी उतरणं, हे पुष्कळ निरोगी माणसांना होतं. रक्तदाबाच्या अम्लोडिपिन गोळीनेही घोटे सुजतात. डॉक्टर ती बदलून देऊ शकतात. मात्र एकाच पायाला सूज आणि दुखणं असेल तर ती शिरेतली गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. ज्यांची मधूनच छाती धडधडायला लागते आणि मागोमाग भरपूर, पाण्यासारखी लघवी होते, अशांनी ते गॅसवर ढकलू नये. तेव्हाही अलिंदच ताणलेलं असतं. ईसीजी काढून घ्या.

रक्ताच्या बीएनपी तपासणीने आता हृदय ताणलंय का याचा अंदाज दवाखान्यातच येतो. बीएनपी हे अलिंदाच्या संप्रेरकाचंच भावंड, मुख्यतः खालच्या कप्प्यांतून येणारं. पण घरी करायची तपासणी याहून सोपी आहे. हृदय कमकुवत असल्याचं निदान झालेल्यांनी रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन करावं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. सूज दिसण्याची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. पाणी किती प्यायचं तो आकडाही त्यांच्याकडूनच घ्या. प्रत्येकाला बंधन लागत नाही, आणि जुलाब-उलट्या झाल्या तर उलट गोळीच कमी करावी लागते. सपाट झोपता न येणं, झोपेतून दम लागून उठून बसणं, ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गुलाबी फेसाळ थुंकी, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं यांपैकी काहीही झालं, तर काढा उकळत बसू नका, 108 ला फोन लावा.

चालककाकांच्या कॅलेंडरवर आता रोजचा आकडा असतो. सूनबाई लिहितात. पुढच्या तपासणीला येताना तुम्हीही तुमचं कॅलेंडर सोबत आणा, आणि घरात चालू असलेलं प्रत्येक चूर्ण, काढा आणि गोळी एका पिशवीत घाला.