घाटावरच्या स्वयंपाकघरात बांगडा

प्रश्न : आम्ही मूळचे मावळातले. आमच्याकडे मासे म्हणजे पवनेचे नाहीतर इंद्रायणीचे, आणि पावसाळ्यात खेकडे. मालवणची सून आल्यापासून घरात बांगडा येऊ लागला. ती माहेरी गेली असताना मी लोणावळ्याहून बांगडे आणले आणि नेहमीच्या काळ्या मसाल्यात केले. वास राहिला, मासा कोरडा पडला आणि तासाभरात यांच्या अंगावर लाल चट्टे उठले. बांगडा उष्ण असतो म्हणून असं झालं का? तो घरी नेमका कसा करावा, कशाबरोबर वाढावा?
— एक वाचक भगिनी, वडगाव मावळ

उत्तर : ताई, आधी चट्ट्यांचं सांगते, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. त्यात उष्णतेचा काही संबंध नाही. बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा पाण्याबाहेर आल्यावर बर्फात नीट राहिला नाही, की जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. अंगावर पित्त उठतं तेव्हा आपल्या शरीरातही हेच हिस्टामीन सुटतं, म्हणून लक्षणंही तशीच : चेहरा लाल होणं, खाज, डोकेदुखी, कधी जुलाब. एकदा तयार झालेलं हिस्टामीन तळून, उकळून किंवा कुकरच्या शिट्ट्या करून जात नाही. कुपा आणि तारली यांचंही असंच. पहिल्याच घासाला जिभेला मिरी चावल्यासारखी चुरचुर जाणवली, तर ते ताट बाजूला सारा. पैसे गेले तरी चालतील. मात्र ताजी मासळी खाऊनही दर वेळी चट्टे येत असतील, तर ती ॲलर्जी असू शकते. अशा माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांगडा खाऊ नये. आणि ओठ सुजले, श्वास लागला तर घरगुती उपाय करत न बसता तडक दवाखाना गाठावा.

म्हणजे बांगड्याची खरी पाककृती बाजारातच सुरू होते. समुद्र आणि आपण यांच्या मध्ये बोरघाट आहे. मुंबईहून, कोकणातून मासळी बर्फात चढून वर येते. तिची हेळसांड होते ती उतरवताना, उन्हात मांडल्यावर आणि आपल्या पिशवीत. बांगडा डोक्याकडून धरून आडवा उचलून पाहा. ताजा असेल तर काठीसारखा सरळ राहतो, शिळा शेपटीकडून लोंबतो. कल्ले उघडले तर आत लालभडक हवेत, डोळे फुगीर आणि स्वच्छ, पाठीवर निळसर-हिरवी झाक. पोट बोटाने दाबून खळगा राहिला तर घेऊ नका. भाजी, किराणा आधी उरका, मासळी सगळ्यांत शेवटी घ्या, आणि झाकणाच्या डब्यात बर्फ घालूनच लोकलमध्ये चढा. घरी आल्या आल्या साफ करून फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

साफ करणं अवघड नाही. बांगड्याला खवले नावापुरतेच. कल्ले उपसून काढा, पोटाला चीर देऊन आतडी काढा आणि पाठीच्या काट्याला आतून चिकटलेली काळपट रक्ताची रेघ अंगठ्याच्या नखाने खरवडून धुवा. निम्मा वास त्या रेघेत असतो. उरलेला आंबटाने जातो. माशाचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांना आम्ल बांधून ठेवतं, म्हणून कोकणात बांगड्याला आगळ, चिंच किंवा कैरी ठरलेली. तुमच्या काळ्या मसाल्यात बहुधा हा आंबटपणाच नव्हता. मला विचाराल तर बांगड्याला काळा मसाला घालूच नये. नदीच्या माशाचा चिखलट वास झाकायला तो ठीक आहे. बांगड्याला स्वतःचं तेल आहे, स्वतःची चव आहे, ती त्याखाली गुदमरते.

सोपा प्रकार तव्यावरचा. दोन्ही बाजूंनी तिरप्या खाचा पाडा, मीठ, हळद, लाल तिखट, ठेचलेली लसूण आणि आगळ त्या खाचांत चोळून अर्धा तास ठेवा. तांदळाच्या पिठात रवा मिसळून त्यात घोळवा आणि मध्यम आचेवर एका बाजूने चार-पाच मिनिटं शेकवा. एकदाच उलटा. काट्याजवळचं मांस सहज सुटलं की उतरवा. त्यापुढची दोन मिनिटंच तो कोरडा करतात.

पण बांगड्याचा मान आहे तो तिखल्यात. मध्यम आकाराच्या चार बांगड्यांना आठ बेडगी मिरच्या भिजवून घ्या. त्यात अर्धी वाटी ओला नारळ, चमचाभर धणे, अर्धा चमचा हळद आणि सुपारीएवढी चिंच घालून गंधासारखं वाटा. पसरट टोपात हे वाटण थोड्या पाण्यात कालवून मीठ घाला. आता तिरफळं. ही वाळलेली फळं आठ-दहा घ्या, आतलं काळं बी टाकून द्या आणि साल किंचित ठेचा. संत्र्याच्या सालीसारखा वास सुटेल आणि चाखलीत तर जीभ बधिर होईल. चिनी स्वयंपाकातली सिचुआन मिरी याच कुळातली. वाटणाला उकळी आली की तिरफळं आणि बांगड्याचे तुकडे सोडा, मंद आचेवर सहा-सात मिनिटं ठेवा. डाव घालू नका, मासा मोडतो. टोप फडक्याने दोन्ही हातांनी धरून गोल हलवा. फोडणी नाही, गरम मसाला नाही. शेवटी चमचाभर कच्चं खोबरेल वरून सोडून लगेच झाकण घाला. पाच मिनिटांनी झाकण काढाल तेव्हा तिरफळ आणि खोबरेल यांचा जो वास येतो, त्यासाठी हा सगळा खटाटोप.

गोव्यात आणि कारवारकडे याच बांगड्याची उडदामेथी करतात. चमचाभर उडीद डाळ आणि दहा-बारा मेथीदाणे तेलात तांबूस परतून वाटणात जातात. मेथी जास्त झाली तर कडू होते, म्हणून दाणे मोजूनच घ्या. चैत्र-वैशाखात तुमच्याकडे कैऱ्या असतात, तेव्हा चिंचेऐवजी कैरीच्या फोडी घालून करून पाहा.

वाढायचं कशाबरोबर, याचं उत्तर तुमच्या गावातच आहे. इंद्रायणी तांदूळ १९८७ साली वडगाव मावळच्याच कृषी संशोधन केंद्रातून आला, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून. कोकणात तिखल्याबरोबर उकडा तांदूळ चालतो, पण दाट तिखलं धरून ठेवायला मऊ, चिकट इंद्रायणीसारखा भात नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. सोबत सोलकढी, आणि तव्यावरचा बांगडा असेल तर तांदळाची भाकरी. दर चैत्रात समुद्रकाठचे कोळी कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला मावळात येतात. त्यांची मासळी मावळच्या भातावर परकी वाटायचं काही कारण नाही.

एक शेवटचं. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत बाजारात दिसणारा बांगडा बहुतेक शीतगृहातला किंवा लांबून आलेला असतो. तेव्हा तुम्ही आपले खेकडे आणि नदीचे मासेच करा. नारळी पौर्णिमा होऊ द्या, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बांगडा भरपूर येऊ लागला की घ्या. आणि सूनबाईंना आजच फोन करून सांगा, माहेराहून परत येताना पावशेर तिरफळं घेऊन ये म्हणून.