खड्डा भरला, आता पुढे काय?
दोन खड्ड्यांचा संडास आणि त्यातून मिळणारे सोनखत

खेडोपाडी संडास बांधण्याचे काम गेल्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणावर झाले. महाराष्ट्रात २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावोगावच्या लोकांच्या हाती झाडू दिला. पुढे २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियानास देशभर प्रारंभ झाला, पात्र कुटुंबांस संडासासाठी १२,००० रुपयांचे साहाय्य मिळू लागले, आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्या काळात बांधलेल्या संडासांचे खड्डे भरण्याची वेळ आता येऊन ठेपली आहे. साहजिकच घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : खड्डा भरला, तर तो उपसावयाचा कोणी?

या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर न मिळाल्यास झालेले काम वाया जाण्याचा संभव आहे. खड्डा लवकर भरेल या भीतीने घरातील धडधाकट माणसे पुन्हा ओढ्याकाठी जाऊ लागतात, आणि संडास केवळ म्हातारी, आजारी व बाळंतीण यांच्यासाठी राखून ठेवला जातो. काही जण याच भीतीपोटी दहा-बारा फूट खोल खड्डा खणतात व निश्चिंत होतात. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. पहिल्याने रोगराई परत येते, दुसऱ्याने विहिरीचे पाणी बिघडते.

उघड्यावरील मळाचे दुष्परिणाम

मळ उघड्यावर पडला म्हणजे तो तेथेच राहतो असे नाही. माशांच्या पायांनी तो अन्नावर येतो, पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात व विहिरीत उतरतो, आणि भाजीपाल्यास चिकटून घरात शिरतो. पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ व पोटातील जंत यांचा प्रसार याच वाटांनी होतो. अंकुशकृमीची तऱ्हा तर याहून निराळी आहे. त्याची सूक्ष्म अळी ओलसर मातीत वाढते व अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या पायाच्या कातडीतून शरीरात प्रवेश करते. पुढे हा कृमी आतड्यास चिकटून रक्त शोषतो. बांधावर शौचास बसण्याची चाल असेल, तर त्याच शेतात अनवाणी खुरपणी करणाऱ्या स्त्रियांना व मुलांना तिचे फळ भोगावे लागते. अंगातील रक्त कमी झालेल्या माणसाकडून कष्टाचे काम होत नाही. म्हणून संडासाचा प्रश्न हा शेतीचाही प्रश्न होय.

दोन खड्डे कशासाठी?

या संडासात एका भांड्यास दोन खड्डे जोडलेले असतात; परंतु एका वेळी एकच खड्डा वापरावयाचा असतो. खड्ड्याच्या भिंतींचे वीटकाम जाळीदार असते व तळ कच्चा ठेवलेला असतो. त्यामुळे मळातील पाणी आणि तयार होणारे वायू भोवतालच्या मातीत मुरतात व घट्ट भाग तेवढा मागे राहतो. या कारणाने वायू बाहेर सोडण्यासाठी उभी नळी बसविण्याची गरज पडत नाही.

पाच माणसांच्या कुटुंबास सुमारे १ मीटर व्यासाचा व नळीच्या तोंडाखाली १ मीटर खोलीचा खड्डा पुरतो. हिशेब सोपा आहे. अशा खड्ड्यात सुमारे ७८५ लिटर जागा असते. माणशी वर्षाला सुमारे ४५ लिटर गाळ साचतो असे धरले, तर पाच माणसांचा गाळ २२५ लिटर होतो. म्हणजे रोज सर्वांनी वापर केला, तरी खड्डा भरण्यास तीन वर्षांहून अधिक काळ लागतो. पहिला खड्डा भरला म्हणजे तो बंद करून दुसरा सुरू करावयाचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातील मळाचे खत झालेले असते.

बंद खड्ड्यातील मळ किमान दीड वर्ष तसाच राहू द्यावा. या काळात मातीतील सूक्ष्म जीव त्याचे विघटन करतात. रोगजंतू मरतात, आणि सर्वांत चिवट अशी जंतांची अंडीही निकामी होत जातात. शेवटी हाती येते ती चहाच्या भुकटीसारखी काळसर, भुसभुशीत व दुर्गंधी नसलेली माती.

बांधकामात घ्यावयाची दक्षता

१. खड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा हातपंपापासून निदान १० मीटर दूर असावा. पाण्याची पातळी उथळ असल्यास हे अंतर १५ मीटरपेक्षा कमी नसावे.

२. खड्डा खोल करण्याचा मोह टाळावा. तळ व भूजल यांच्यामध्ये कोरड्या मातीचा जितका जाड थर राहील, तितके पाणी सुरक्षित राहते.

३. दोन खड्ड्यांमध्ये किमान एक मीटर माती राखावी. नाही तर चालू खड्ड्यातील पाणी बंद खड्ड्यात झिरपते व खत होत नाही.

४. काळ्या चिकण जमिनीत पाणी सावकाश मुरते. तेथे खड्डा थोडा रुंद घेऊन भिंतीबाहेर वाळू व विटांच्या तुकड्यांचा थर द्यावा. कोकणातील भेगाळ जांभा खडकातून तर मैलापाणी न गाळताच दूर जाऊ शकते. तेथे वाळूचे जाड आवरण व तळाची बंदिस्ती या दोहोंकडे लक्ष द्यावे.

५. भांडे तीव्र उताराचे असावे. भांड्याखालच्या वाकड्या नळीत पाणी अडून राहते व दुर्गंधी वर येत नाही. असे भांडे दीड-दोन लिटर पाण्याने स्वच्छ होते. पाणीटंचाईच्या गावी हा लाभ लहान नव्हे.

६. न्हाणीघराचे व भांडी घासण्याचे पाणी खड्ड्यात सोडू नये. फिनेल व अ‍ॅसिड ओतू नये. त्यामुळे मळ कुजविणारे जीव मरतात.

खड्डा बदलण्याची रीत

भांड्याकडून येणारी नळी जेथे दोन वाटांनी फुटते, तेथे एक लहान कुंडी असते. तिचे झाकण काढून भरलेल्या खड्ड्याकडील वाट वीट व मातीने बंद करावी आणि दुसऱ्या खड्ड्याकडील वाट मोकळी करावी. काम अर्ध्या तासाचे आहे. त्याच दिवशी संडासाच्या भिंतीवर खड्डा बंद केल्याची तारीख रंगाने ठळक लिहावी. दिवाळीत बंद केलेला खड्डा दीड वर्षाने, म्हणजे पुढच्या वर्षाच्या नव्हे तर त्यानंतरच्या वैशाखात उघडता येतो. वैशाखात जमीन कोरडी असते व पेरणीपूर्वी खत शेतात नेण्यास सवड मिळते. पावसाळ्यात खड्डा उघडू नये.

खत काढताना पायांत बूट व हातांत मोजे घालावे आणि काम झाल्यावर साबणाने हातपाय धुवावे. खणताना ओलसर व वास येणारा मळ आढळल्यास नळीची वाट नीट बंद झाली नव्हती असे समजावे. खड्डा पुन्हा झाकून गळती थांबवावी व आणखी दीड वर्ष थांबावे.

सोनखताचा उपयोग

मराठी शेतकऱ्याने या खतास पूर्वीपासूनच सोनखत हे नाव दिले आहे. परंतु ताजा मळ पिकास घालणे व कुजलेले सोनखत घालणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ताज्या मळाने पिकाबरोबर जंतही वाढतात.

या खताकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये. मानवी मलमूत्रातील बहुतेक नत्र मूत्रात असते व ते पाण्याबरोबर मातीत मुरून जाते. खड्ड्यातील खतात मुख्यतः सेंद्रिय पदार्थ व स्फुरद राहते. एका घरचे खत एकरांच्या हिशेबाचे नसून परसातील झाडांच्या हिशेबाचे आहे. आंबा, नारळ, लिंबू, शेवगा, केळी यांच्या आळ्यात ते मातीत मिसळून द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर, मुळा, काकडी अशा पिकांना ते न देणेच सुरक्षित होय.

एकच खड्डा किंवा सेप्टिक टाकी असल्यास

एकच खड्डा असणाऱ्यांनी तो पूर्ण भरण्याची वाट न पाहता शेजारी दुसरा खड्डा खणावा व मध्ये कुंडी बांधून दोन्ही जोडून घ्यावे. सेप्टिक टाकीचा प्रकार मात्र वेगळा व धोक्याचा आहे. तीत मळ ओलाच राहतो व विषारी वायू साठतो. अशा टाकीत उतरलेला माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि त्यास वाचविण्यास उतरलेला दुसराही प्राणास मुकतो. यास्तव टाकीत कोणासही उतरवू नये. टाकी यंत्राच्या गाडीनेच उपसून घ्यावी, व तो गाळ ओढ्यात किंवा शेतात न टाकता प्रक्रियेच्या ठिकाणी पोचतो हे पाहावे. हाताने मैला साफ करण्यासाठी माणसे लावणे, तसेच सुरक्षेच्या साधनांवाचून त्यांना गटारात वा टाकीत उतरविणे यांस २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

हे काम कोणाचे?

शतकानुशतके गावाचा मैला उचलण्याचे काम विशिष्ट जातींच्या माथी मारले गेले व त्यापायी त्यांना अस्पृश्य लेखले गेले. याविरुद्ध आप्पासाहेब पटवर्धनांनी जन्मभर कार्य केले. भंगीकाम करू द्यावे यासाठी त्यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात उपवास केला, आणि पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्यापासून खत करण्याचे प्रयोग चालविले. दोन खड्ड्यांच्या संडासाने तोच विचार प्रत्येक घराच्या आवाक्यात आणला आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत तेलंगणातील गंगादेवीपल्ली येथे केंद्र सरकारच्या सचिवांसह वरिष्ठ अधिकाऱ्यांनी स्वतः खड्ड्यात उतरून खत काढले. ज्यात सचिव उतरू शकतो, त्यात घरधन्यास उतरण्यास कमीपणा कसला? उकिरड्यातील शेणखत जो काढतो, त्यानेच हेही काढावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम प्रत्येक घरच्या संडासाचा प्रकार व खड्डा बंद केल्याची तारीख यांची नोंदवही करावी. नंतर ज्याची मुदत पूर्ण झाली आहे असा एक खड्डा निवडून तो ग्रामस्थांसमक्ष उघडावा आणि पहिले घमेले स्वतः भरावे. कोरडी, वास नसलेली ती माती एकदा हातात घेऊन पाहिली, की कोणी उपसावयाचे हा प्रश्न गावात फार काळ उरत नाही.