लॉनची लागवड आणि विक्री : दहा गुंठ्यांचा खरा हिशेब

गवत काय, फुकट उगवतं, तेव्हा लॉनचा धंदा स्वस्तातला, असं कोणी सांगितलं तर त्याला एवढंच विचारा : माती, पाणी आणि टेम्पो कोणाच्या खिशातून? या धंद्यात गवत हीच सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. बाकीच्या तिघांचा हिशेब आधी मांडा, मग बियाण्याला हात घाला.

खालचा हिशेब दहा गुंठ्यांचा आणि सिलेक्शन वनचा आहे. ही हरळीच्या जातीची, बारीक पानाची लॉन. बंगले, सोसायट्या, कार्यालयं यांच्याकडून मागणी हिलाच जास्त. भाव मी साधारण धरले आहेत. तुमच्या गावचे भाव घालून तोच हिशेब पुन्हा मांडा.

आधी जागा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, दहा गुंठे म्हणजे १०,८९०. त्यात पायवाटा, बांध, टाकी, टेम्पो वळायची जागा गेली की लागवडीला ८,५०० उरतात. कडेचं विरळ गवत, उचलताना फाटलेले तुकडे, तण शिरलेला भाग असे १५ टक्के वजा करा. विकाऊ माल ७,२०० चौरस फूट. दहा गुंठ्यांवर दहा हजार फूट विकायची स्वप्नं इथेच सोडा.

पद्धत साधी आहे. जमीन सपाट करून प्लॅस्टिक अंथरायचं, त्यावर इंचभर लाल माती आणि शेणखत पसरायचं, त्यात लॉनच्या काड्या खोचायच्या. मुळं खाली जाऊ शकत नाहीत, म्हणून एकमेकांत गुंततात आणि जाजम तयार होतं. तुकडा, म्हणजे नर्सरीच्या भाषेत शीट, हाताने सोलून उचलता येतो. पावसाळ्याच्या उबेत तीन-चार महिन्यांत माल तयार. थंडीत गवत जवळपास झोपतं, तेव्हा ऑक्टोबरात लावून डिसेंबरात विकायचा बेत करू नका. जूनच्या सुरुवातीला लावा. पावसाने पाणी वाचतं आणि दसरा-दिवाळीला, बिल्डर ताबा देण्याच्या घाईत असताना, माल हाताशी असतो.

आता खर्च. १०० मायक्रॉनचं प्लॅस्टिक दहा गुंठ्यांना ९० किलोच्या वर लागतं. १२ हजार धरा. काही जण जुने फ्लेक्स अंथरतात, तेही चालतं. लाल माती : ८,५०० फुटांवर इंचभर म्हणजे सात ब्रास, ३ हजारांनी २१ हजार. शेणखत ८ हजार. बियाण्याची लॉन : एक फूट तुकडा सुटा केला की दहा फुटांना पुरतो, म्हणजे ८५० फूट, साडेआठ हजार. मजुरी : लागवड, दोन-तीन खुरपण्या आणि उचल मिळून ९० मजूर-दिवस, ४०० रुपयांनी ३६ हजार. खत-औषध ६ हजार. वीज-पाणी १० हजार. तुषार सिंचन २२ हजार. कापणी यंत्र २० हजार. पहिल्या पिकाला बेरीज १,४३,५००. त्यातले प्लॅस्टिक, तुषार आणि यंत्राचे ५४ हजार पुढच्या पिकांनाही उपयोगी पडतात. उरलेले ८९,५०० मात्र दर पिकाला नव्याने घालावे लागतात.

८९,५०० भागिले ७,२००. फुटाला साडेबारा रुपयांच्या आसपास.

म्हणजे ठेकेदाराने घाऊक १२ रुपये दिले तर तुम्ही तीन महिने राबून त्यालाच वर तीन हजार दिलेत. घरची माणसं राबली म्हणून मजुरी धरली नाही तर वहीत नफा दिसतो, पण तो नफा नाही, तुमचाच पगार आहे. कमाई थेट बंगल्यावर विकण्यात, बसवून देण्यात आणि नंतरच्या देखभालीत. तीन ठरलेली गिऱ्हाइकं हातात नसतील तर दहा गुंठे लावू नका, दोन लावा.

माती वाचवायला काही जण प्लॅस्टिक न घालता थेट शेतात लावतात. २१ हजार वाचतात खरे. पण लॉन उचलताना अर्धा ते एक इंच माती प्रत्येक वेळी गिऱ्हाइकाच्या दारात जाते, आणि जाते ती रानाची वरची, कसदार माती. भाड्याच्या रानात हे केलंत तर मालकाशी वाद ठरलेलाच.

विकतच्या मातीत दोन काटे असतात. पहिला कागदाचा. माती-मुरूम हे गौण खनिज आहे, त्याच्या वाहतुकीला रॉयल्टी भरलेला पास लागतो. ब्रासमागे पाचशे स्वस्त आणि ‘रात्री टाकतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. महसूलवाल्यांनी गाडी अडवली की भाव तुमच्या लक्षात राहील. दुसरा काटा लव्हाळ्याचा. लव्हाळ्याच्या काळ्या गाठी मातीतून येतात, खुरपलं तरी दोरा तुटतो आणि गाठ खालीच राहते. म्हणून ट्रक मागवण्याआधी पाटीभर माती घरी आणा, पसरून ओली ठेवा, पंधरा दिवस बघा. सुईसारखं चकचकीत पातं वर आलं तर ती माती नको. लव्हाळा असलेली लॉन एकदा विकलीत की ते गिऱ्हाईक परत येतं, पण भांडायला.

पाणी. उन्हाळ्यात रोज ६ मिलिमीटर पाणी द्यायचं धरलं तर दहा गुंठ्यांना दिवसाला ६ हजार लिटर. दहा हजारांचा टँकर दोन दिवसही पुरत नाही. विहीर किंवा बोअर मे महिन्यात काय देते, ते मे महिन्यातच मोजा. डिसेंबरात भरलेली विहीर बघून निर्णय घेऊ नका. विजेचंही बघा. महावितरणच्या दरपत्रकात नर्सरी ‘कृषी-इतर’ वर्गात मोडते. शेतीपंपाचा दर किंवा शेतीपंपाची मोफत वीज गृहीत धरून हिशेब केलात तर पुढे फरकाचं बिल येऊ शकतं. जोडणी कोणत्या वर्गात आहे, ते बिलावरच छापलेलं असतं. आजच काढून बघा.

मग टेम्पो. घरचा वजनकाटा घ्या, पाणी दिलेल्या रानातला एक चौरस फूट तुकडा त्यावर ठेवा. इंचभर मातीसकट तो तीन-साडेतीन किलो भरतो. छोटा हत्ती पाऊण टन नेतो, म्हणजे सव्वादोनशे ते अडीचशे फूट. हजार फुटांच्या ऑर्डरीला चार-पाच खेपा. खेपेला दीड हजार धरलेत तर फुटाला सहा-सात रुपये नुसतं भाडं! टेम्पोवाला ‘बसेल सगळं’ म्हणेल. बसतंही, पण खालचे थर दबून पिवळे पडतात आणि जादा वजनाचा दंड वेगळा. भाडं ‘गाडी भाडं वेगळं’ असं दरातच लिहा, आणि आदल्या दिवशी पाणी तोडून माल हलका करा. उचल संध्याकाळी, पोच पहाटे. रचून ठेवलेलं गवत आतून तापतं, चोवीस तासांत ते जमिनीला लागलं पाहिजे.

कागदपत्रं फार नाहीत. जमीन स्वतःची असेल तर डिजिटल सही असलेला सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत निघतो. जमीन दुसऱ्याची असेल तर तोंडी व्यवहार करू नका. कूळ लागेल या भीतीने मालक लिहून द्यायला कचरतात, तेव्हा मुदत, भाडं आणि ‘वरची माती बाहेरून आणलेली आहे’ हे वाक्य ५०० च्या स्टँपवर वकिलाकडून लिहून घ्या. कृषी विभागाचा नर्सरी परवाना फळझाडांच्या कलमांसाठी असतो. नुसत्या लॉनला तो लागत नाही, पण कोपऱ्यात आंब्या-पेरूची कलमं विकायला ठेवलीत तर लागतो. कामगार मोजकेच असतील तर शॉप ॲक्टची फक्त सूचना द्यायची असते.

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. आधार आणि पॅन पुरे. दोन-तीन हजार मागणारी, सरकारीसारखीच दिसणारी संकेतस्थळं खासगी दलालांची असतात. पीक घेणं उद्यममध्ये बसत नाही, म्हणून ‘लॉन बसवणं व बागेची देखभाल’ ही सेवा नोंदवा. फायदा असा, की त्या कामाची रक्कम खरेदीदाराने फार तर ४५ दिवसांत द्यावी, हा कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. भांडवल कमी पडलं तर मुद्रा कर्जात शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत तारण न देता मिळतं. ‘मंजूर करून देतो’ म्हणून टक्केवारी मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

जीएसटीची मेख नीट समजून घ्या. जिवंत रोपांवर जीएसटी नाही. बसवणूक आणि देखभाल ही सेवा आहे, तिच्यावर १८ टक्के. सेवा देणाऱ्याला नोंदणीची मर्यादा २० लाखांची, पण त्या २० लाखांत तुमची करमुक्त विक्रीही मोजली जाते. १८ लाखांचं गवत विकलंत आणि ३ लाखांची बसवणूक केलीत, तर मर्यादा ओलांडली. बिलात गवत आणि बसवणूक वेगवेगळी लिहा. ‘लॉन बसवून, एकूण इतके’ असा एकच आकडा टाकलात तर सगळ्याच रकमेवर १८ टक्के लागण्याचा वाद ओढवून घ्याल. प्राप्तिकरातही शेतीचं उत्पन्न एका वहीत, सेवेचं दुसऱ्या वहीत. सीएची एक बैठक पहिल्या ऑर्डरीआधी घ्या.

ऑर्डर घेताना फूट कुठे मोजायचे ते आधी ठरवा. माझ्या ओळखीच्या एकाने ९०० फूट माल उतरवला. बंगलेवाल्याने बसवल्यावर टेप लावला, झाडाचं आळं आणि फरशीची वाट वजा केली आणि ८१० चे पैसे दिले. वाटेभोवती कापताना वाया गेलेले तुकडे कोपऱ्यात तसेच पडले होते. मोजणी गाडीतून उतरताना, दोघांच्या समोर करा आणि चलनावर सही घ्या. ऑर्डरीवेळी निम्मे पैसे, गाडी निघण्याआधी उरलेले. जागा सावलीची असेल तर सिलेक्शन वन देऊच नका. रोज पाच-सहा तास ऊन नसेल तर ती विरळ होते. तिथे रुंद पानाची, सावलीत तगणारी लॉन सुचवा.

सुरुवातीला एक सकाळ काढून पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांमध्ये फिरा. शेतकरी म्हणून नव्हे, ५०० फूट लॉन हवी असलेलं गिऱ्हाईक म्हणून. भाव, गाडीभाडं, बसवणुकीचा दर आणि उधारी हे चारही प्रश्न पाच ठिकाणी विचारा, आणि प्रत्येक ठिकाणी शीट उलटी करून खालची मुळं बघा. पांढरी आणि गच्च असली तर माल तयार. उचलल्यावर माती भुरभुरली तर माल अजून पंधरा दिवस कच्चा.